रक्त किती वाजता घेतले?

आमच्या वागळे इस्टेटीत पूर्वी माणसे एकमेकांना पगार विचारीत. हल्ली रिपोर्ट विचारतात. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. पुष्कळ शेडच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कारखाने उठून गेले. नाल्यावरच्या डासांनी मात्र अजून स्थलांतर केलेले नाही. घाण पाण्यावर पोसणारा हा क्युलेक्स डासच हत्तीरोगाची ने-आण करतो.

माझी मावशी वर्ध्याकडची. दोन वर्षांपूर्वी ती मुलाकडे, किसननगरला, राहायला आली ती सुजलेला डावा पाय घेऊनच. तिकडे याला हत्तीपाय म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. मुलाने तिला एके दिवशी सकाळी अकराला रक्त तपासायला नेले. संध्याकाळी कागद आला : फायलेरियाचे जंतू आढळले नाहीत. मावशीने पेढे मागवले. "बघ, मी म्हणत नव्हते? वातच आहे माझा!" असे म्हणून तिने पायाची निगा सोडून दिली आणि पंधरा दिवसांत तापाने अशी फणफणली, की आम्ही दोघे रात्रभर उशाशी बसून होतो.

त्या कागदात एक अक्षरही खोटे नव्हते, हीच तर पंचाईत!

हे जंतू म्हणजे दोऱ्यासारखे गोल कृमी. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत दडून बसतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले तेवढी रक्तात फिरतात. कलकत्त्यास टिमथी लुइस यांनी ती 1872 मध्ये माणसाच्या रक्तात पाहिली. पुढे चीनमधल्या अमॉय बंदरी पॅट्रिक मॅन्सन यांनी रात्रंदिवस रक्त तपासून 1879 मध्ये दाखवून दिले, की ही पिल्ले दिवसा रक्तातून दिसेनाशी होतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, कातडीखालच्या रक्तात येतात. सकाळी अकराला ती सापडावीत कशी? रात्री घेतले तरी काचेवर रक्त जाते ते 20 घनमिलिमीटर. अंगातल्या पाच लिटरांचा हा अडीच लाखावा भाग!

शिवाय मावशीचे दुखणे जुने. पाय सुजून वर्षे लोटली, की कृमी बहुधा मरून गेलेले असतात. राहते ती त्यांनी केलेली नासधूस. अशा माणसाचे रक्त मध्यरात्रीही स्वच्छ निघू शकते. तापाचे कारण बहुतेक वेळा कातडीच्या भेगांतून शिरणारे दुसरेच जंतू असतात. म्हणून रोज साबणाने पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या, बसताना पाय उंच ठेवायचा. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितले तेव्हा मावशी म्हणाली, "मग रक्त कशाला काढलं हो?" प्रश्न काही अगदीच भोळा नव्हता.

पुढे मुलाचीही तपासणी झाली. हा आमचा मावसभाऊ सहा वर्षे रात्रपाळीला, लेथवर. रक्त घेणारी माणसे रात्री दहाला वस्तीत येत, तेव्हा हा कारखान्यात. एका सुटीच्या रात्री त्याचे रक्त घेतले; स्वच्छ निघाले. पण स्टीफन मॅकेन्झी यांनी 1881 सालीच लंडनमध्ये एका रोग्याला दिवसा झोपवून रात्री जागे ठेवले होते, आणि काही दिवसांत पिल्लेही दिवसा बाहेर पडू लागली होती. म्हणजे आमच्या भावाच्या कृमींनीही पाळी बदलली असली तर नवल काय! (बोनस मागितला नाही, हेच नशीब.)

मग कार्डाची तपासणी झाली. मोठ्या कृमींपासून रक्तात उतरणारा एक पदार्थ, अँटिजेन, ती शोधते. तिला घड्याळ लागत नाही. तिच्यावर दोन रेघा उमटल्या. आमच्या गड्याला ना सूज, ना ताप! या कार्डाचीही एक खोड आहे : औषधाने पिल्ले नाहीशी झाली, तरी ते पुष्कळ दिवस, कधी वर्षानुवर्षे, दोन रेघा दाखवीत राहते. आणि रक्तातली प्रतिद्रव्ये तपासणारी चाचणी तर कृमी आज आहेत की पूर्वी येऊन गेले, हे नक्की सांगतच नाही. कधी दुसऱ्याच कृमींच्या प्रतिद्रव्यांनाही ती फसते. हा घोळ सोडवण्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. मावशीच्या गावापासून जेमतेम दोन तासांच्या वाटेवर!

नेमके त्याच महिन्यात डोंबिवलीचे स्थळ जुळत आले होते. मावशी म्हणाली, "कागद ट्रंकेत टाक." हा म्हणाला, "नाही आई, मी सांगणार." बारा दिवसांच्या गोळ्या घेऊन झाल्या आणि तो कागद खिशात घालून डोंबिवलीला गेला. मुलीचे मामा ऐकताच खुर्ची मागे सरकवून बसले. हा रोग शिवल्याने होत नाही, बायकोला नवऱ्यापासून लागत नाही, मध्ये डास लागतो, हे त्यांना समजावता समजावता माझा चहा निवला.

मुलगी एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला. तिने कागद हातात घेतला, उलटून पाहिला आणि आमच्या भावाला सरळ विचारले, "हे कार्डाचं झालं. काचेवरचं रक्त किती वाजता घेतलं होतं?"

"रात्री दहाला."

"आणि तुमची पाळी कुठली?"

मामांनी खुर्ची हळूच पुढे घेतली. लग्न मार्गशीर्षात आहे. त्याआधी एकदा दिवसा, झोपेतून उठवून, त्याचे रक्त घ्यायचे असे ठरले आहे. आणि ते ती स्वतःच घेणार आहे म्हणे.