बोटाखालची काच

नखानं फोन उघडत नाही. तिन्हीसांजेला कणीक मळायला घेतलेली असते, ओट्याच्या कडेला तो थरथरायला लागतो, आणि पिठानं भरलेली बोटं वर धरून मी करंगळीचं पेर तेवढं पुढे करते. चुकून नख आधी टेकलं तर काच ढिम्म हलत नाही, मग मनगट जरा वळवून पेराची मऊ, उघडी बाजू टेकवली की पलीकडून कुणीतरी एकदम ‘हॅलो’ म्हणतं. एकच बोट, त्याची एक बाजू काचेच्या लेखी मी, आणि तिला चिकटलेली दुसरी बाजू कुणीच नाही. नखाला रंग लावता येतो, ते कापलं तरी दुखत नाही. कसं कोण जाणे, हे त्या काचेला ठाऊक असतं.

तिला जणू जिवंत तेवढंच कळतं.

सांगायला गेलं तर यात गूढ काही नाही. काचेच्या अंगावर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा थर दिलेला असतो, वीज वाहून नेणारा आणि तरीही आरपार दिसू देणारा. त्याच्यावर विजेचं एक मंद क्षेत्र सदोदित पसरलेलं असतं, आणि मीठ-पाण्यानं भरलेलं आपलं बोट जवळ आलं की त्या क्षेत्रात किंचितसा खळगा पडतो; काच सेकंदाला साठ-साठ, शंभर-शंभर वेळा स्वतःलाच चाचपत तो खळगा कुठे पडला ते शोधत राहते. १९६५ साली इंग्लंडातल्या मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी अशा स्पर्शाच्या पडद्याची कल्पना मांडली, ती विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. आकाशातल्या गर्दीसाठी सुचलेली ती गोष्ट आज माझ्या घरी मोहरीच्या डब्याला टेकून उभी असते आणि दूधवाल्याचा हिशेब दाखवते.

माझा पहिला टचचा फोन मात्र निराळ्या जातीचा होता. त्याच्या कोपऱ्यात एक बारीक काडी खोवलेली असायची. त्याचा पडदा दाबला की जरासा आत जायचा, आतले दोन पदर एकमेकांना चिकटायचे, आणि मग त्याला समजायचं. काडी चालायची, नख चालायचं, पेनाचं टोपण चालायचं. कोण दाबतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, किती जोरानं दाबतंय याच्याशी होतं. २००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्जनी आयफोन दाखवला तेव्हा या काडीची यथेच्छ टर उडवली, आणि पुढच्या काही वर्षांत ती बहुतेकांच्या फोनमधून गळून पडली. काडीबरोबर आणखीही काही गळालं. दाब गळाला. जोर लावणं, रेटणं, टेकू देणं, अंगचं बळ बोटाच्या टोकाशी आणणं, हे सगळं एकाएकी अडाणीपणाचं ठरलं.

ते आईला कुणी सांगितलंच नाही.

बार्शीकडच्या आमच्या गावी आईच्या हातात स्मार्टफोन आला तो दादाचा जुना. तिनं जन्मभर वस्तू दाबूनच वापरल्या. रेडिओचं खटकेदार बटण, पाट्यावरचा वरवंटा, धुण्याचा पिळा, भाकरी थापताना तळव्याचा गड्डा. तिच्या हाताला वजन टाकल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटतच नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या हिरव्या खुणेवरही ती अंगठा असा रोवते की नखाखालचं रक्त मागे सरून ते पांढरं पडतं. आणि फोन बिचारा गोंधळतो. जास्त वेळ दाबलं म्हणजे हिला ही खूण इथून उचलायची आहे असं समजून तो ती खूण हलवायला लागतो, भलतीच यादी उघडतो, ‘काढून टाकू का’ विचारतो.

“घाबरलं बघ ते,” आई म्हणते.

“हलकं गं, नुसतं टेकव.”

“नुसतं टेकवून कुठं काम हुतंय व्हय?”

मी सुट्टीत गेले की तिच्या अंगठ्याला धरून शिकवायची. तो अंगठा हातात घेतला की वाटायचं, याला हलकं व्हायला शिकवण्याचा मला काय अधिकार? कोरडा, चिरांनी भरलेला, विळीच्या जुन्या वणांनी ओळखू येणारा. अशी राठ, कोरडी कातडी काचेला पटकन उमगतही नाही. दोनदा, तीनदा टेकवावं लागतं, आणि तिसऱ्यांदा माणूस जोर लावतोच. मी हरून सोडून दिलं. पुढे वहिनीनं तिला बोलके निरोप पाठवायला दाखवलं. आणि काय सांगू, त्या गुळगुळीत, हलक्याफुलक्या, निसटत्या पडद्यावर नेमकी एकच जागा अशी निघाली की जिथे दाबून धरावं लागतं, अंगठा उचलला की संपतं, जोवर बोलायचं तोवर रोवून ठेवायचा. माइकची ती बारकी खूण. आईच्या हाताला फोनमध्ये घर मिळालं. आता रोज सकाळी तिचा आवाज येतो. त्याच्यामागे कुकरची शिट्टी, अंगणात उकरणारी कोंबडी, दूर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर वाजणारं गाणं. शेवटचा शब्द मात्र नेहमी अर्धा तुटलेला, कारण सांगणं तोंडात संपायच्या आधीच तिनं अंगठा उचललेला असतो. ‘जेवलीस क…’ एवढंच येतं.

मी त्या ‘क’ला रोज उत्तर देते.

काच नेहमीच गुळगुळीत राहते असंही नाही. माझ्या फोनवर चरे पडले, एका कोपऱ्यात कोळ्याच्या पायांसारखी तडकीची रेघ उमटली, म्हणून बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेले. तिथे दुकान म्हणायला एक लाकडी खोकं, वर पांढरा बल्ब, मागे लटकलेल्या रंगीबेरंगी कव्हरांची भिंत, आणि मिसरूड फुटायच्या वयाचा एक पोरगा. मी बघत राहिले. त्यानं आधी जुनी काच नखानं उचकटली. चला, नखाला इथे तरी मान आहे. मग ओला कागद, मग कोरडं फडकं, मग निळ्या चिकट पट्टीनं धुळीचे कण एकेक करून टिपणं. बल्बाखाली फोन तिरका धरून, एक डोळा मिटून, पुन्हा टिपणं. नवीन काच दोन बोटांच्या चिमटीत धरली तेव्हा त्यानं श्वास रोखला. खरोखर रोखला, श्वासाबरोबर धूळ येते. कडा जुळल्या, काच सोडली, आणि मधोमध त्यानं तर्जनी नुसती टेकवली. त्या एका स्पर्शापासून चिकटपणाची ओलसर कड चहूबाजूंनी पसरत गेली, न घाई करता, कोपऱ्यांपर्यंत, आणि खालचा पडदा उजळ दिसायला लागला. पोरानं श्वास सोडला. “ताई, बबल नाही एकपण,” तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे हात केला.

खालची मूळ काचही साधी नसते म्हणतात. पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात तिला बुडवून ठेवतात, आणि तिच्यातले सोडियमचे बारके अणू बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड अणू शिरतात. दादरला लोकलमधून एक किडकिडीत माणूस उतरावा आणि त्याच्याच जागेत दोन पिशव्यांसकट एक धिप्पाड माणूस चढावा तसं. सगळा पृष्ठभाग खांद्याला खांदा लावून दाटीनं उभा, म्हणून तो सहजी तडकत नाही. एवढ्या रेटारेटीतून घडलेली काच माझ्या बोटाला मात्र काहीच रेटू देत नाही, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं.

माझं काम मुद्रितशोधनाचं. पूर्वी प्रुफांची गुंडाळी घेऊन प्रेसमधला मुलगा जिना चढून यायचा, आता पानं फोनवर येतात, रात्री अकरालासुद्धा. दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली की पान माझ्याकडे धावत येतं, एक अनुस्वार आवळ्याएवढा होतो, वेलांटीचं वळण नदीसारखं दिसायला लागतं. बोटं मिटली की सगळं पुन्हा मुंग्यांच्या रांगेइतकं. या जादूची सवय झाली आहे आणि तिच्यावर माझा रागही नाही. एसटीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर बसून मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचून दिली आहेत. पण रात्री कधीतरी कपाटातलं खिळ्यांवर छापलेलं जुनं पुस्तक काढते आणि पान उलटून त्याच्या पाठीवरून बोट फिरवते. खिळ्यांनी कागदात केलेले बारीक उठाव अजून लागतात. कुणा खिळेजुळाऱ्यानं एकेक अक्षर चिमटीत उचलून रांगेत बसवलं, यंत्रानं ते कागदात रुतवलं, आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही ते रुतणं पानाच्या पाठीला आठवतंय. काचेला पाठ नाही. काचेवर मी दिवसभर जे घासते, टिपते, ढकलते, त्यातलं संध्याकाळी एवढंच उरतं की फोन बंद करून उजेडात तिरका धरला तर बोटांचे तेलकट ओरखडे दिसतात, आडवे, उभे, एकावर एक, कशाचेच नसलेले. पदरानं पुसलं की तेही नाही.

दादाचं म्हणणं वेगळं. त्याला फोन म्हणजे वावरातलं अवजार. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तलाठ्यानं करायची ती पिकाची नोंद शेतकऱ्यानं आपल्याच बांधावर उभं राहून, आपल्याच फोननं करायची असं ठरलं. पहिल्या वर्षी मी गावी होते, त्याच्याबरोबर तुरीत गेले. उपग्रहानं त्याला त्याच्याच शेतात उभा असलेला ओळखला, गट नंबर आला, आता फोटो काढायचा. आणि वरून असलं ऊन की पडदा काळा ठिक्कर. त्या काळ्यात दिसत होता तो दादाचाच चेहरा, घामेजलेला, टोपीसकट, मागे पांढरं आभाळ. त्यानं टोपी काढून वर धरली, मी ओढणी ताणली, तरी खुणा दिसेनात. रेशन दुकानातल्या यंत्रावर याच माणसाचं बोट चारचारदा टेकवलं तरी ठसा जुळत नाही. कुळव आणि खुरपं यांनी रेघा घासून नेल्या आहेत. इथे बोट चालत होतं तर डोळे चालत नव्हते.

“थांब जरा,” तो म्हणाला, “ढग येऊ दे.”

मग आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो, अख्खा उपग्रह हातात धरून, एका ढगाची वाट बघत.

ओल्या हातांची तऱ्हा आणखी निराळी. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मी ज्या मावशींकडून बांगडे घेते त्यांचा फोन गळ्यात, पारदर्शक पिशवीत. हातांना खवले, बर्फाचं पाणी ठिबकतंय, कोयता फळीवर. अशा बोटांनी पडदा वेडावतो, हवं ते उघडत नाही आणि नको ते मिटत नाही. घरून फोन वाजला की मावशी पिशवी मनगटानं वर उचलतात, मान खाली घालतात आणि नाकाच्या शेंड्यानं कॉल उचलतात. इतकं सहज, की मला हसूही आलं नाही. कातडी ती कातडी. पैशांसाठी त्या पडद्याकडे बघतच नाहीत. २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय त्यांच्यापर्यंत पोचलं ते कानांवाटे. मी चौकोन टिपते, एक क्षण जातो, आणि बर्फाच्या पेटीमागून तो अदृश्य, निर्विकार, इस्त्री केलेला आवाज रक्कम पुकारतो. मावशी मान डोलावतात आणि शेपटी छाटतात.

आणि पाऊस. माझ्या फोनला पावसाचं बोट माझ्या बोटासारखंच वाटतं. गेल्या आषाढात स्वारगेटच्या थांब्यावर, बसची वाट बघत मी एका नव्या कवीच्या संग्रहाच्या दुरुस्त्या संपादकांना पाठवत होते. ‘पान ४२, ओळ ६ : शेवटचा उकार ऱ्हस्व.’ ‘पान ४३, ओळ ११ :’ एवढं लिहिलं आणि वाऱ्यानं सर फिरवली, थेंब पटापट काचेवर उतरले, एकमेकांत मिसळले, उताराला लागले, आणि मी पदर शोधेपर्यंत त्यांनी ‘ळळ टम ळळळ’ असं लिहून निरोप पाठवूनही दिला. तेवढ्यात बस आली, फोन पिशवीत गेला, गर्दीत तो काही बाहेर निघेना. घरी पोचून बघते तर संपादकांचं उत्तर येऊन पडलेलं. ‘४२ केली. ४३ची सूचना रास्त वाटते, पण कवीला विचारून कळवतो.’