अब्बांची बार्शी लाईट

आमचे अब्बा मिरजेचे. मिरज-पंढरपूरची बार्शी लाईट, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची, अजून त्यांच्या बोलण्यात धावते. त्यांच्यासाठी ती छोटी गाडी आम्ही साताऱ्याला घरीच करायला घेतली. रुळाला तार जोडताना स्वस्त सोल्डरिंग आयर्न थंड पडे. जास्त वेळ टेकवले, तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळले. मुलगा रडवेला झाला.

मग महागडे नाही, पण तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन घेतले. टोक ३५० अंशांवर ठेवले, की डाख दोन-तीन सेकंदांत बसतो, स्लीपर वाचतात. डाखात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतो.

कुरआनने उधळपट्टी मना केली आहे. पण काटकसरीतही उधळपट्टी होते, हे आम्ही वितळलेल्या स्लीपरांकडून शिकलो.

इन्शाअल्लाह, ईदला गाडी मिरजेला नेऊ.