वाटाड्या

आमच्या कडेगावकडं जुलै म्हणजे आभाळाकडं बघायचा महिना. ढग सह्याद्री ओलांडून येतात, पण इथवर पोचेपर्यंत रिते झालेले असतात. ताकारी-टेंभू योजनांचं पाणी आलं, माळाला ऊस लागला, तरी पावसाची ओढ काही सुटलेली नाही. अशा मुलखातून उठायचं, कराडमार्गे कोल्हापूर गाठायचं आणि पन्हाळ्यावरून दोन दिवस भिजत पावनखिंडीपर्यंत चालायचं, याची एक वेगळीच भूक असते. आमच्यापैकी अनेकांची डोंगराची ओळख कडेपूरची डोंगराई आणि श्रावणी सोमवारचा सागरेश्वर एवढीच. सागरेश्वराची जुनी देवळं बघून होतात आणि दुपारी माणूस घरी जेवायला परत येतो. पन्हाळ्याची वाट तसं परतू देत नाही. ती पन्नासेक किलोमीटरची आहे आणि एकदा मसाई पठारावर चढलं की पुढंच जावं लागतं.

पन्हाळा सोडल्यावर तुरुकवाडीवरून चढ लागतो आणि मग ते पठार. सगळा जांभ्या खडकाचा सपाट कातळ. पाऊल उमटत नाही, गवत तुडवून पायवाट पडत नाही. उन्हाळ्यात दूरवरचं दिसतं. जुलैत धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठही नाहीशी होते. आमच्या तुकडीपुढं जवळच्या वाडीतले एक वयस्कर मामा होते. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी, बोलणं बेताचं. एका ठिकाणी ते थांबले. चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पायानं कातळ चाचपत चार-सहा पावलं डावीकडं गेले, परत आले, मग उजवीकडं गेले. तिथं वाकून त्यांनी पावसात विरघळत चाललेलं शेण काठीनं दाखवलं. "म्हशीच्या वाटंनं चला. म्हस कड्याकडं जात न्हाई. पाण्याच्या मागं लागलासा तर पाणी तुमाला कड्यावरनं खाली टाकंल." एवढं बोलून चालू लागले. शंभर-दीडशे माणसं मुकाट त्यांच्या मागं निघाली. त्यांत इंजिनिअर होते, मास्तर होते, मोबाइलवर नकाशा उघडून बसलेली पोरं होती.

तेव्हापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो. १२ जुलै १६६०च्या रात्री हे कुणी सांगितलं असेल?

गोष्ट आपल्याला पाठ आहे. पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा चार महिने हलला नव्हता. राजापूरचे इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात, शिवाजी महाराज सहाशे बांदल मावळ्यांनिशी गडाबाहेर पडून विशाळगडाकडं निघाले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले आणि त्यांनी शत्रूला चुकीच्या माणसामागं धावायला लावलं. ते याच गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे. पुढं सिद्दी मसूद पाठीवर आला, बाजीप्रभू घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, उभे राहिले, विशाळगडावरून तोफांचे आवाज झाले. तिथंही दार सहज उघडलं नव्हतं. पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडून महाराजांना वर जावं लागलं.

हे सगळं पोवाड्यात, पुस्तकात, सिनेमात आलेलं आहे. पण बांदल मावळे हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचे. त्यांतल्या किती जणांनी मसाई पठार आधी पाहिलं असेल? चंद्र ढगाआड, पाऊस कोसळतोय, मशाल पेटवायची सोय नाही आणि खांद्यावर पालखी. हेरांनी वाट आधीच हेरून ठेवली होती असं सांगतात, आणि ते खरंच असणार. मात्र हेरालाही कुणीतरी सांगितलेलं असतं. इथला ओढा कुठं पायउतार होतो, कोणत्या सोंडेवरून घोडं उतरतं, कोणत्या वाडीचं कुत्रं भुंकतं, हे त्या डोंगरात गुरं राखणाऱ्यालाच माहीत असतं. त्या माणसाचं नाव कोणत्याही बखरीतून आपल्यापर्यंत आलेलं नाही. पालखी वाहणाऱ्या भोयांचंही नाही. आपण दोन दिवसांत, वाटेत मुक्काम करून, पाठीवर एक पिशवी घेऊन जे अंतर चालतो आणि घरी येऊन पायाला तेल चोळतो, ते अंतर त्यांनी खांद्यावर राजा घेऊन रातोरात कापलं. करपेवाडीच्या पुढं चिखलात पोटरीपर्यंत पाय रुतला की हे डोक्यात नव्हे, गुडघ्यात उतरतं.

आमच्या तालुक्याला हा विचार परका वाटू नये. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे भूमिगत कार्यकर्ते याच सातारा-सांगलीच्या डोंगरांतून रात्री-बेरात्री फिरत. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या तुफान सेनेच्या साथीदारांनी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, हे आपण अभिमानानं सांगतो. अशा माणसांना पुढच्या गावाची वाट कुणी दाखवली, पहाटे मळ्यात भाकरी कुणी पोचवली, त्या मेंढक्यांची आणि बायाबापड्यांची नावं मात्र त्या-त्या घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर निघून चालली आहेत. सत्तेशी दोन हात करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या पुढं, दहा पावलांवर, अंधारात एक लहान माणूस चाललेला असतो. इतिहासाचं लक्ष मोठ्याकडं जातं, हे समजू शकतं. पण इतकं पूर्ण विसरून जाणं मला मान्य होत नाही.

जगाच्या पार दुसऱ्या टोकालाही असंच घडलेलं दिसतं. पेरूमधल्या माचू पिक्चूच्या 'शोधा'ची तारीख २४ जुलै १९११ आणि शोधकाचं नाव हायरम बिंगहॅम. पण बिंगहॅमला त्या डोंगरावर नेलं मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्याच एका शेतकऱ्यानं. वर पोचल्यावर इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांवर शेती करणारी कुटुंबं भेटली, आणि प्रत्यक्ष अवशेषांतून त्याला फिरवलं एका लहान पोरानं. ज्या जागेवर माणसं पीक काढत होती, ती 'हरवलेली' होती असं जगानं ठरवलं.

पण पुढं त्या देशानं जे केलं, ते शिकण्यासारखं आहे. कुस्कोजवळून माचू पिक्चूला जाणारी इंकांची वाट चार दिवसांची, साधारण ४३ किलोमीटरची. तिच्यावरची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. तिथं एकट्यानं जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्या सोबत असावाच लागतो. दिवसाला एकूण ५०० माणसांनाच प्रवेश, आणि त्यांत वाटाडे आणि ओझी वाहणारे हमालही धरलेले. फेब्रुवारीत, ऐन पावसात, वाट पूर्ण बंद ठेवून तिची डागडुजी करतात. २०१४ साली इंकांच्या रस्त्यांचं सारं जाळं सहा देशांनी मिळून जागतिक वारशाच्या यादीत नेलं. म्हणजे वाटेच्या शेवटी असलेल्या शहराइतकाच मान त्यांनी वाटेला दिला.

आपल्याकडं जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले आणि त्यांत पन्हाळा आहे. ऊर भरून आला. विशाळगड त्यात नाही, आणि या दोन गडांना जोडणारी वाटही नाही. त्या वाटेवर नेमक्या पावसाच्या ऐन भरात, जुलैच्या एकेका शनिवारी-रविवारी, मोहिमांमागून मोहिमा उतरतात. हजारो पायांनी पायवाटेचा चिखलगुट्टा होतो, मग लोक बाजूनं चालतात आणि कडेचं, नुकतंच रोप लावलेलं भाताचं खाचर तुडवलं जातं. बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या कासारीच्या ओढ्यात वाहतात. घोषणा मात्र चढत्या आवाजात चालू असतात. हे लिहिताना जीव जड होतो, कारण ही पोरं मनानं खरी आहेत. महाराजांवरच्या मायेनंच ती इथवर येतात. त्या मायेला कुणीतरी वळण लावायला हवं.

आंबेवाडीच्या मुक्कामी एका घरानं आम्हाला चुलीपुढं बसवलं. ओले कपडे वर वाळत घातले, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. घरच्या आजींनी विचारलं, "पावनं कुठलं म्हणायचं?" कडेगाव म्हटल्यावर म्हणाल्या, "तिकडं पाऊस न्हाई व्हय? मग आमचा घेऊन जावा थोडा." दुसऱ्या दिवशी त्यांचंच खाचर आमच्या मागून येणाऱ्या गर्दीच्या वाटेवर होतं. पाटेवाडी, पुढचे धनगरवाडे, पांढरेपाणी, सगळीकडं हीच स्थिती. ज्यांच्या अंगणातून इतिहास जातो, त्यांच्या हाती त्यातलं काही राहत नाही. मोहिमेची वर्गणी भरली जाते, टी-शर्ट छापले जातात, फलक लागतात, पण पुढं चालणाऱ्या मामांच्या हातावर काय पडतं, हे कुणी विचारत नाही.

आणि हे बदलता येत नाही असं कुणी म्हणू नये. आमचाच सागरेश्वर एकेकाळी उघडाबोडका डोंगर होता. धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसानं ध्यास घेतला, लोकांनी झाडं लावली, आणि १९८५मध्ये तिथं अभयारण्य झालं. आज त्या रानात हरणं फिरतात. डोंगर माणसानं राखला तर राहतो, हे कडेगावच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग एक पायवाट राखणं कसं जमणार नाही? रोजची संख्या ठरवा, प्रत्येक तुकडीला वाटेवरच्याच वाडीतला वाटाड्या सक्तीचा करा, त्याची मजुरी आधी ठरवून हातात द्या. लावणीच्या दिवसांत काही आठवडे वाट मोकळी सोडा. ऑक्टोबरात या, डिसेंबरात या. बाजीप्रभूंना नमस्कार कोणत्याही महिन्यात पोचतो.

आपल्या भागातून मोहिमा नेणाऱ्या मंडळांना माझी एक विनंती आहे. यंदा निघाल तेव्हा पुढं चालणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव त्याला विचारून, त्याच्या संमतीनं, मोहिमेच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. त्याच्या बापानं, आज्यानं कुणाकुणाला ही वाट दाखवली, तेही विचारा आणि लिहून ठेवा.