शेवटची सोळा पानं

आमच्या धंद्यात जाहिरातींच्या पानांना कुणी विचारत नसे. जुनं पुस्तक बांधणीला आलं की पुठ्ठा सोडवायचा, कण्यावरची वाळलेली खळ खरवडायची, मागच्या जाहिराती काढायच्या आणि तिन्ही कडा यंत्रावर कापून घ्यायच्या. वर रेक्झिन चढवलं की पुस्तक पुन्हा वापरात. मी विशीत असताना एका ग्रंथालयाचा गठ्ठा आला होता. त्यात राखाडी कापडाचं एक पातळसं पुस्तक होतं, पुठ्ठ्यावर जांभळ्या रेषांत पंखांचा स्फिंक्स. त्याचंही मी तेच केलं. पुठ्ठा रद्दीत, मागची पानं रद्दीत.

ते एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ होतं. लंडनच्या हाइनमान यांनी १८९५ च्या मे महिन्यात काढलेली आवृत्ती. मी काय कापलं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं त्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवून मी घरी गेलो.

त्या काळी प्रकाशक सगळे छापील फर्मे एकदम बांधत नसत. जशी मागणी येई तशी बांधणी होई, आणि प्रत्येक वेळी शेवटी त्या त्या दिवसांतली पुस्तकांची यादी जोडली जाई. त्यामुळे आतला मजकूर तोच असला तरी मागची यादी प्रत कधी बांधली गेली ते सांगते. ‘टाइम मशीन’च्या सुरुवातीच्या कापडी प्रतींत सोळा पानांची यादी आहे आणि ती हॉल केनच्या ‘द मँक्समन’पासून सुरू होते. संग्राहक आधी तिथेच बघतो. ज्या कागदांना मी कचरा समजलो, तो त्या पुस्तकाचा जन्मदाखला होता.

या कादंबरीच्या बाबतीत असे दाखले फार मोलाचे आहेत, कारण १८९५ या एकाच वर्षात ती तीन रूपांत लोकांसमोर आली. जानेवारी ते मे या काळात विल्यम हेन्ली यांच्या ‘न्यू रिव्ह्यू’ मासिकात ती क्रमशः छापली गेली. संपादकाच्या आग्रहाखातर वेल्सने तिथे शेवटाकडे एक प्रसंग वाढवला आणि पुस्तक करताना काढून टाकला. न्यूयॉर्कच्या हेन्री होल्ट यांची आवृत्ती लंडनच्या आधी काही आठवडे आली. तिचा मजकूर बराच वेगळा आहे आणि पहिल्या प्रतींच्या शीर्षकपानावर लेखकाचं नाव चुकून ‘एच. एस. वेल्स’ असं पडलं आहे. वेल्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. काळातल्या प्रवासाची कल्पना तो १८८८ पासून, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिलेल्या एका अपुऱ्या गोष्टीपासून घोळवत होता. हे सारं आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते कागद जसेच्या तसे सांभाळले.

तीन वर्षांपूर्वी एक प्राध्यापक बाई सुती पिशवीतून तसंच राखाडी पुस्तक घेऊन आल्या. त्यांच्या पणजोबांचं. मी आधी शेवटची पानं उघडली. ‘द मँक्समन’. सोळा पानं होती.

“काका, नव्यासारखं होईल ना?” त्यांनी विचारलं.

“नाही ताई,” मी म्हणालो. “नव्यासारखं करणार नाही. पण मोडणार नाही एवढं करतो.”

पुढचा पुठ्ठा सांध्यावर फाटून लोंबत होता. दोन फर्म्यांची शिवण सुटली होती. कापडावरची कांजी कसरीने जागोजागी खाल्ली होती, कण्यावरची अक्षरं उन्हाने पुसट झाली होती आणि कुणीतरी शीर्षकपानाला चिकटपट्टी लावली होती. पट्टीचं प्लास्टिक गळून गेलं तरी तिचा चिकटा कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. वाचकांनो, फाटलेलं पान फाटलेलंच राहू द्या, पण त्याला चिकटपट्टी लावू नका.

पाऊस सरेपर्यंत मी पुस्तकाला पाणी लावलं नाही. दमट हवेत खळ नीट वाळत नाही आणि बुरशी धरते. दिवाळीनंतर सुरुवात केली. आधी मऊ ब्रशने धूळ, मग कोरड्या रबरी स्पंजने कडांवरची काजळी. पट्टीचा चिकटा काढायला चार दिवस गेले. थोडी ऊब, थोडं क्रेप रबर, पुन्हा थांबणं. डाग पूर्ण गेला नाही. तो घालवायला आणखी तीव्र रसायन लागलं असतं, आणि त्या काळच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात आधीच आम्ल आहे. त्याच्यावर आणखी जोर करणं मला पटलं नाही.

माझ्या गुरूंची खळ मैद्याची असे, किडीसाठी तीत मोरचूद घातलेलं. मोरचूद किडीला मारतं, पण कागदालाही सोडत नाही. आता मी गव्हाचा निव्वळ स्टार्च शिजवतो, गाळून घेतो आणि दोन-तीन दिवसांत संपवतो. फाटलेल्या सांध्याला जपानी कोझोचा पातळ कागद लावतो. तो कात्रीने कापायचा नाही. पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायचा, म्हणजे कडेला लांब तंतू मोकळे होतात आणि जुन्या कागदात मिसळतात. या खळीचं मोठेपण असं की पन्नास वर्षांनी कुणाला माझं काम चुकीचं वाटलं, तर ओलाव्याने ते सोडवता येईल. पांढऱ्या गोंदाचं तसं नाही. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. पीटर वॉटर्स यांच्यासारखे ब्रिटिश बांधणीकार तिथे मदतीला गेले. त्या चिखलातल्या कामातून आमच्या धंद्यातल्या पुढच्या पिढ्या हेच शिकल्या, की नंतर सोडवता येणार नाही असं काही करू नये.

कण्याचं मूळ कापड मी अलगद उचललं, खाली रंगवलेलं नवं राखाडी कापड घातलं आणि जुनं त्यावर परत बसवलं. नवी पट्टी जवळून दिसते. दिसावी अशीच ठेवली आहे. खाल्लेल्या जागा रंगवल्या नाहीत. पणजोबांच्या पेन्सिलीच्या खुणांना हात लावला नाही.

हे काम चालू असताना मी कादंबरी पुन्हा वाचली. सन ८०२७०१ मध्ये कालप्रवाशाला हिरव्या चिनी मातीचा एक पडका महाल सापडतो. ते जुनं संग्रहालय असतं आणि तिथे पुस्तकांच्या नुसत्या तपकिरी चिंध्या लोंबत असतात. त्या बघताना त्याला प्रकाशशास्त्रावरचे स्वतःचे सतरा निबंध आठवतात. तो परत येतो तेव्हा त्याच्या खिशात तिथे भेटलेल्या वीनाने दिलेली दोन पांढरी फुलं असतात. त्याच्या पाहुण्यांतला डॉक्टर ती न्याहाळतो, पण ती कुठल्या कुळातली हे त्याला सांगता येत नाही. तो भविष्यात जाऊन आला याला त्या दोन सुकलेल्या फुलांखेरीज बाकी काही पुरावा नाही. तरुणपणी हा भाग मी भरभर उलटला असणार.

बाईंना पुस्तक परत केलं तेव्हा सोबत आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी दिली आणि तीत एक चिठ्ठी ठेवली. कुठे कोणता कागद लावला, कोणती खळ वापरली, कोणता डाग राहू दिला आणि का. अखेरच्या ओळीत लिहिलं आहे: जाहिरातींची पानं सोळा, सर्व मूळ, जागेवर.