कुऱ्हाड लावण्याआधी वर बघा!

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या वाटेला लागलं, की बालाघाटचे डोंगर सोबतीला येतात. पावसाळ्यात हिरवेगार, उन्हाळ्यात उघडेबोडके! याच भागात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. तिथं झाड तोडायला बंदी. पण गावोगावी बांधावरची बाभूळ, लिंब सरपणासाठी नाहीतर शेळ्यांच्या पाल्यासाठी तोडतातच. कुऱ्हाडीचा आवाज आला की पोरं पाला गोळा करायला बुंध्याशी धावतात. धोका तिथंच!

घाव बसतो खाली, पण हादरा जातो शेंड्यापर्यंत. वर अडकलेली वाळकी फांदी तेवढ्यानंही सुटते आणि चाहूल न देता खाली येते. म्हणून जाणती माणसं आधी मान वर करून झाड न्याहाळतात, मागं सरकायची वाट मोकळी करून ठेवतात. वारं सुटलं की कुऱ्हाड खाली ठेवतात.

तुम्ही काय करायचं? झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब थांबायचं. झाड पडलं तरी लगेच धावायचं नाही. शेजारच्या झाडात अडकलेली फांदी मागाहून पडते. मोठ्यांनी "या" म्हटल्यावरच जायचं. शेळीला पाला घटकाभर उशिरा मिळाला, तर काय बिघडलं?