आवक-जावक

आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा नातेपुते हे नाव वर्तमानपत्रांत झळकते. वर्षाचे उरलेले दिवस हे बाजाराचे गाव आपल्या कामात असते. पोती उतरतात, तोलली जातात, पुन्हा चढतात. या चढ-उतारावर कितीतरी चुली पेटतात. पण प्रवचनपीठावरून हमालाचा उल्लेख क्वचितच होतो.

आमच्याकडे शिफारसपत्र मागायला येणारे तरुण बहुधा याच घरांतले असतात. बारावी किंवा बी. ए. झालेले असतात. वडिलांची हमाली नको, एवढेच त्यांना नक्की ठाऊक असते. आम्ही त्यांना दोष देत नाही. शंभर किलोची पोती वाहिलेल्या पाठी साठीच्या आतच वाकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आता पोते पन्नास किलोंवर आले, हे उचितच झाले. बाजार समितीच्या अठरा संचालकांत हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी असतो. मान एवढाच, पण तोही लढूनच मिळालेला. परंतु निव्वळ पाठीच्या बळावरचे काम यापुढे वाढेल, असे आम्हांस वाटत नाही. साखर कारखान्यांच्या गोदामांतले काम तर हंगामाबरोबर येते आणि हंगामाबरोबर ओसरते.

वाढते आहे ते वेगळे काम. माळशिरस, माढा, करमाळा या तालुक्यांतली केळी आज आखाती देशांत जातात. घडाच्या फण्या सोडवायच्या, धुवायच्या, तेरा किलोंच्या आसपासच्या खोक्यात भरायच्या, शीतगृहात साधारण तेरा अंशांवर आणायच्या आणि वातानुकूलित कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदराला रवाना करायच्या. खोक्यांची मोजदाद चुकली किंवा थंडावा बिघडला, तर नुकसान शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. येथे शक्तीपेक्षा दक्षता हवी. फलटण आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतही तेच. आलेला माल चलनाशी ताडून घेणे, कमी-जास्त लिहून ठेवणे, आधी आलेला माल आधी बाहेर काढणे, गाडीबरोबर ई-वे बिल आहे की नाही हे पाहणे, अशी ती कामे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर कंपन्यांना राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची निकड उरली नाही. मोठी गोदामे भिवंडीसारख्या ठिकाणी एकवटली. नातेपुत्याच्या वाट्याला त्यांतले फारसे आले नाही. येथे रेल्वेही नाही. आहे तो पालखीमार्ग. म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो, गावातच राहून गोदामाची नोकरी मिळेल, या आशेवर मुलाची दोन वर्षे घालवू नयेत.

एका तरुणाला अशाच एका गोदामात 'सुपरवायझर' म्हणून घेतले. अकरा महिने त्याने रात्रपाळ्या केल्या. बाराव्या महिन्यात कंत्राटदार बदलला आणि याचे नाव कुठल्याच कागदावर सापडेना. पद मोठे होते. नोंद मात्र नव्हती. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर हमालीच केली, पण नोंदणीकृत. अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यानुसार मालक मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद होते. 'हमाल' म्हणवणाऱ्या बापापाशी जे संरक्षण होते, ते 'सुपरवायझर' मुलापाशी नव्हते. लाज कशाची धरावी, याचा हिशेब घरोघरी पुन्हा मांडला पाहिजे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहाशयांनी यंत्रबुद्धीच्या युगातील श्रमिकांचा विचार मनात ठेवून तेच नाव घेतले. पण आमचे मन अधिक रमते ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा धनी स्वतः बाजारात येतो, रिकाम्या उभ्या असलेल्यांशी बोलतो, मजुरीचे वचन देतो. कारभारी येतो तो संध्याकाळी, आणि तोही धन्याच्या शब्दाप्रमाणे पैसे वाटण्यासाठी. आमच्या मुलांना धनी कधी दिसतच नाही; सकाळी कारभारी, संध्याकाळीही कारभारीच.

म्हणून शिफारसपत्र देताना आम्ही आता आईवडिलांनाही बोलावतो. नियुक्तिपत्र मागा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ते बंधनकारक केले आहे. भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी क्रमांक मुलाने स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावा. कंत्राटदार बदलला तरी तो बदलत नाही. संगणकावर नोंदी करणे आणि चलन बिनचूक वाचणे एवढे आधी शिकून घ्यावे.

आणि मुलींचे काय? मोजदाद व नोंदीच्या कामात आम्ही त्यांना मुलांहून काकणभर सरसच पाहिले आहे. घरची मंडळी अडतात ती रात्रपाळीपाशी, आणि त्यांची काळजी खोटी नाही. तेव्हा पगाराच्या आकड्याबरोबर एवढेही विचारावे, की पाळी सुटल्यावर गाडी मुलीला नातेपुत्याच्या चौकात सोडते की फलटणलाच उतरवते.