बाकी

मराठी शाळेत भागाकार शिकवताना चार नावं पाठ करून घेतात: भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी. बाकीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. पुढे दशांश अपूर्णांक आले की तिची तेवढी जागाही जाते. १७ भागिले ५ म्हणजे ३.४, विषय संपला. माझ्या आयुष्यात मात्र ही बाकी पुनःपुन्हा येत राहिली.

पहिल्यांदा ती आजोबांमुळे आली. ते अडत दुकानात दिवाणजी होते आणि कोणताही गुणाकार ताळा पाहिल्याशिवाय वहीत चढवत नसत. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६. ३४७ मधल्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २८ चे १०, म्हणजे १. पाच एके पाच. उत्तरातले अंक मिळवले तर २३, म्हणजे ५. ताळा जमला. दहाला नऊने भागलं की बाकी एक उरते, शंभरालाही एकच, हजारालाही एकच. त्यामुळे अंकांची बेरीज म्हणजे नऊने भागून उरलेली बाकीच असते. हे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पण बाकीवरून अख्ख्या संख्येबद्दल काही खात्रीने सांगता येतं, हे आजोबांच्या पेन्सिलीने तेव्हाच शिकवलं होतं.

बी.एस्सी.ला गणिती गाऊस भेटला. १८०१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी छापलेल्या ग्रंथात त्याने बाक्यांचं स्वतंत्र अंकगणितच मांडलं. घड्याळात दहानंतर पाच तासांनी तीन वाजतात, तसं त्यात संख्या एका वर्तुळात फिरतात. त्या वर्तुळात बेरीज, गुणाकार, घात सगळं करता येतं. इंग्लंडचा गणिती हार्डी याने १९४० मध्ये समाधानाने लिहिलं होतं की संख्या सिद्धांताचा युद्धासाठी उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही. तेव्हा मलाही त्या विषयाचं हेच निरुपयोगी, निर्मळ रूप आवडलं होतं.

एम.एस्सी.ला क्रिप्टोग्राफीचा पेपर घेतला आणि ते चित्र बदललं. कधीही न भेटलेल्या दोन माणसांनी, सगळं जग ऐकत असताना, एकमेकांना गुपित कसं सांगायचं? डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये या प्रश्नाला वाट करून दिली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही पद्धत शोधली. आमच्या सरांनी ती फळ्यावर अगदी लहान आकड्यांत करून दाखवली. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या, गुणाकार ३३. हा ३३ आणि सोबत घातांक ३, दोन्ही जगाला सांगून टाका. मला ४ पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हा ३१ कुणीही वाचावा. ज्याच्याकडे ७ ही गुप्त किल्ली आहे, त्याने ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागलं की बाकी उरते ४! मी घरी येऊन तो भागाकार हाताने केला. चार उरले तेव्हा झालेला आनंद आजही तसाच आहे.

३३ चे अवयव शाळकरी पोरही पाडेल. प्रत्यक्षात मात्र सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात. गुणाकार क्षणात होतो, पण उलट वाट सापडत नाही. १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आव्हान म्हणून छापलेल्या १२९ अंकी संख्येचे अवयव पाडायला १९९४ उजाडलं, तेही जगभरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपल्यावर. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याची खात्रीची रीत कानपूर आयआयटीच्या अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव पाडण्याची तशी रीत आजच्या संगणकांसाठी अजून कुणाला सापडलेली नाही.

आणि तो ७ आला कुठून? ३ आणि ११ या दोन्हींतून एकेक वजा करा: २ गुणिले १० म्हणजे २०. तीनला ज्या संख्येने गुणून २० ने भागल्यावर बाकी १ उरते, ती संख्या ७. मोठ्या आकड्यांत ती शोधायची रीत सरांनी शिकवली आणि म्हणाले, "हाच आपला कुट्टक." आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेली, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त सोदाहरण शिकवलेली ही रीत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्या परंपरेतला बाक्यांचा खेळ आज बँकेच्या व्यवहारांत चालतो, हे कळल्यावर मला हा विषय परका वाटेनासा झाला.

आता मी हाच पेपर शिकवते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर आरएसए टिकणार नाही, हे पीटर शोरने १९९४ मध्येच दाखवलं. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धती जाहीर केल्या. त्यांतली किल्ली ठरवण्याची मुख्य पद्धत वेगळ्याच गणितावर उभी आहे, पण तिथेही प्रत्येक आकड्याला ३३२९ ने भागून बाकीच ठेवतात. या सगळ्या पद्धती उघड छापलेल्या आहेत, कुणीही तपासाव्यात. गुप्त असते ती फक्त किल्ली. रीत झाकून मिळालेल्या सुरक्षिततेपेक्षा अशी उघड्यावर तावून निघालेली सुरक्षितता मला अधिक भरवशाची वाटते.

म्हणून प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना एक विनंती आहे. दशांश चिन्ह शिकवा, पण त्यासाठी बाकीला घाईने निरोप देऊ नका. आठवड्याचे वार, नऊचा ताळा, सातने भागून काय उरतं याचे खेळ मुलांना मनसोक्त खेळू द्या. उद्याच्या गणिताचा पाया तिथेच घातला जातो.